‘कशावरून?’ : वारसास्थळांची डेटाबेसमध्ये नोंद करायला शिकताना

नोंदपत्रक पहिल्यांदा उघडलं की चाळीस-पन्नास रिकामे रकाने समोर येतात. शाळेपासून लागलेली सवय अशी, की रिकामी जागा दिसली की ती भरायची. मग काळ कळला नाही तरी ‘मध्ययुगीन’, प्रकार समजला नाही तरी ‘मंदिर’, आणि स्थितीच्या रकान्यात ‘बरी’. अर्ध्या तासात नोंद तयार होते आणि दिसतेही भरगच्च. पाच वर्षांनी कोणीतरी तिच्या आधाराने रस्त्याची आखणी तपासतं किंवा संशोधनासाठी नकाशा काढतं, तेव्हा त्यातलं काय डोळ्यांनी पाहिलेलं होतं आणि काय ठोकून दिलेलं, हे कळायला मार्ग नसतो.

म्हणून नव्याने काम सुरू करणाऱ्याला मी एकच प्रश्न स्वतःला विचारायला सांगतो : कशावरून? बाराव्या शतकातलं? कशावरून? ही तटबंदीच, नुसती शेताची ताल नव्हे? कशावरून? ज्या रकान्यात या प्रश्नाला उत्तर नाही, तो रिकामा ठेवायचा. मात्र रिकामेपणाचेही प्रकार आहेत. ‘पाहिलं, पण नव्हतं’, ‘पाहिलंच नाही’ आणि ‘पाहिलं, पण ठरवता आलं नाही’ या तीन वेगळ्या गोष्टी. डेटाबेसमध्ये त्यांच्यासाठी वेगळे पर्याय असतील तर वापरा. नसतील तर शेऱ्यात एका वाक्यात लिहा. ‘शिलालेख : नाही’ असं वाचून पुढचा माणूस त्या भिंतीकडे फिरकणार नाही, आणि तुम्ही तर झुडपांमुळे ती भिंत पाहिलेलीच नसते.

नोंद उघडण्याआधी शोध

नवी नोंद करण्याचा मोह आवरा. आधी हे स्थळ डेटाबेसमध्ये आहे का ते पाहा, आणि फक्त नावाने शोधून थांबू नका. वेरूळ आणि एलोरा एकच. पण संगणकाच्या दृष्टीने या दोन शब्दांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. जुन्या अहवालातलं नाव, जवळच्या वस्तीचं नाव, लोकांच्या तोंडचं नाव, परभाषेतल्या लिपीतून परत आलेलं विचित्र रूप अशी चार-पाच नावं लावून बघा. देवनागरीत तर एकच शब्द दिसायला सारखा आणि आतून वेगळा असू शकतो : नुक्त्याचं (खाली टिंब असलेलं) अक्षर दोन पद्धतींनी टंकता येतं, अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिला जातो. शोधात काही आलं नाही म्हणजे नोंद नाही, असं समजू नका.

त्यानंतर नकाशावर जा. तुमच्या बिंदूभोवती अर्ध्या किलोमीटरचं वर्तुळ धरून आतल्या सगळ्या नोंदी वाचा. दुबार नोंदी बहुतेक इथेच सापडतात : एकाने टेकाडाच्या माथ्यावर उभं राहून बिंदू घेतला, दुसऱ्याने पायथ्याला गाडी लावली तिथे. जुनी नोंद मिळाली तर तिच्यात भर घाला. दोन नोंदी एकाच जागेच्या असल्याची खात्री पटली तर त्या एकत्र करा. पण रद्द झालेला क्रमांक ‘यापूर्वीचा क्रमांक’ म्हणून राखून ठेवा. कुठल्या तरी जुन्या लेखात तो छापलेला असतो आणि त्याचा माग काढत कोणीतरी येतंच.

स्थळ, घटना, साधन

ही एक कल्पना डोक्यात बसली की बाकीचं काम निम्म्याने सोपं होतं. ब्रिटनमधल्या वारसा-नोंदींच्या कार्यालयांनी ही विभागणी रुळवली, पण ती कुठेही चालते. एका बाजूला ‘स्थळ’, म्हणजे जमिनीवरची वस्तू : पांढरीचं (जुन्या वस्तीचं) टेकाड, विहीर, भिंत, लेणं. दुसऱ्या बाजूला ‘घटना’, म्हणजे तिथे माणसांनी केलेलं काम : सर्वेक्षण, उत्खनन, तुमची भेट, विमानातून घेतलेली छायाचित्रं. तिसऱ्या बाजूला ‘साधन’, म्हणजे त्या कामातून उरलेला कागद : अहवाल, आराखडा, फोटो, शिलालेखाचा ठसा. या तिन्हींच्या नोंदी वेगळ्या करून एकमेकींना जोडायच्या.

असं का? समजा एका टेकाडावर तीस वर्षांपूर्वी एकाने खापरं वेचली आणि ते एका काळातलं ठरवलं. पुढे दुसऱ्याने चर खणला आणि ते मत मोडलं. सगळं एकाच परिच्छेदात लिहिलं तर कोणाचं मत कुठे संपलं आणि कोणाचं सुरू झालं ते हरवतं. घटना वेगळ्या ठेवल्या की प्रत्येक विधानाच्या मागे एक तारीख आणि एक माणूस उभा राहतो.

या पद्धतीचा आणखी एक फायदा नवख्यांच्या लक्षात येत नाही. दिवसभर शेतं तुडवली आणि एक खापरही मिळालं नाही, तर ‘स्थळ’ म्हणून नोंदवण्यासारखं काही नसतं. पण ‘घटना’ असते. कुठलं क्षेत्र चाललात, किती माणसं होती, किती अंतरावरून चालत होतात, पीक उभं होतं की नांगरट झालेली होती, हे लिहा. नकाशावरची रिकामी जागा खरोखर रिकामी आहे की तिथे कोणी गेलंच नाही, हे फक्त अशा नोंदीतूनच कळतं.

क्रमांकाला अर्थ चिकटवू नका

इजिप्तमधल्या राजांच्या दरीत १८२७ साली जॉन गार्डनर विल्किन्सनने थडग्यांवर १ ते २१ असे आकडे रंगवले. ते दरीतल्या जागेच्या क्रमाने होते. मग नवी थडगी सापडू लागली, आणि २२ पासून पुढे आकडे शोधाच्या क्रमाने पडत गेले. तूतनखामेनचं थडगं ६२ वं ते त्यामुळेच. ५४ क्रमांक तर थडगंही नाही. ममी तयार करताना उरलेलं साहित्य पुरलेला तो खड्डा आहे. तरी कोणी तो क्रमांक काढून घेतला नाही, आणि ते योग्यच झालं.

अजिंठ्याचंही तेच. लेण्यांचे क्रमांक दरीतल्या क्रमाने आहेत, कालक्रमाने नाहीत : सर्वांत जुन्यांपैकी ९ आणि १०, तर १ क्रमांकाचं लेणं शेवटच्या टप्प्यातलं. राडारोड्याखालून नंतर बाहेर आलेल्या लेण्याला १५-अ म्हणावं लागलं. क्रमांकातून जागा, काळ किंवा महत्त्व सांगायला गेलात की पहिल्याच नव्या शोधाला ती व्यवस्था कोसळते. त्यामुळे डेटाबेसने दिलेला निरर्थक, एकदाच वापरला जाणारा आकडा मुख्य क्रमांक म्हणून घ्या आणि बाकीचे सगळे प्रचलित क्रमांक वेगळ्या रकान्यात, कोणी दिले त्यासह लिहा. जागा सांगणारा क्रमांक जिथे कामाला येतो अशी ठिकाणंही आहेत. इटलीतल्या पाँपेई या प्राचीन शहरात जुझेप्पे फिओरेल्लीने एकोणिसाव्या शतकात विभाग, घरांचा गट आणि दार अशी तीन पायऱ्यांची पत्त्याची पद्धत बसवली आणि ती आजही वापरात आहे. पण तिथे शहराची चौकट आधीच ठरलेली होती. तुमच्या डोंगरउतारावर ती नसते.

मोठ्या स्थळाचे भाग करताना पालक-नोंद आणि उपनोंद असा जिना बांधा : किल्ला वर, त्याच्या पोटात दरवाजा, बुरूज, टाकं. किती खोल जायचं? माझा ढोबळ नियम असा की ज्या भागाचा काळ, स्थिती किंवा धोका वेगळा आहे त्याला वेगळी उपनोंद द्यायची. नाहीतर एकेका पायरीची नोंद करत बसाल.

जागा : इथे सगळ्यात जास्त चुका होतात

नव्या माणसाच्या नोंदी तपासताना मी सर्वांत आधी नकाशा उघडतो. अजिंठ्याचा अक्षांश २०.५५ आणि रेखांश ७५.७० च्या आसपास आहे. हे दोन आकडे उलटे टाकले की लेणी थेट स्वालबार्डच्या दक्षिणेला आर्क्टिकच्या थंडगार समुद्रात जाऊन पडतात. हसू येतं, पण हा प्रकार सर्रास होतो, कारण माणसं अक्षांश आधी म्हणतात आणि जिओजेसनसारख्या नकाशाच्या फायली रेखांश आधी मागतात. रकाने रिकामे राहिले आणि आयात करताना त्यांचं शून्य झालं, तर स्थळ गिनीच्या आखातात सापडतं. हे दोन अपघात निदान नकाशावर लगेच दिसतात.

न दिसणारा अपघात जास्त वाईट. २० अंश ३३ मिनिटं १२ सेकंद हे दशांशात २०.५५३३ होतात : मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागून बेरीज करायची. पण घाईत कोणी २०.३३१२ टंकतं. आकडा अगदी खरा वाटतो आणि स्थळ सुमारे पंचवीस किलोमीटर सरकतं. तालुका-जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग वेगळा लिहायचा तो याचसाठी. बिंदू आणि विभाग जुळले नाहीत की चूक उघडी पडते.

अचूकतेचा गणिती भाग एकदा समजून घ्या. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा. दशांश चिन्हानंतर तीन आकडे म्हणजे साधारण १११ मीटर, चार म्हणजे ११ मीटर, पाच म्हणजे एक मीटरच्या थोडं वर. आठ आकडे लिहिले तर तुम्ही मिलिमीटरचा दावा करताय. फोनचा जीपीएस मोकळ्या आकाशाखाली पाच मीटरच्या आसपास अचूक असतो. झाडीत, कड्याखाली, लेण्याच्या तोंडाशी तो आणखी बिघडतो. तेव्हा पाच आकडे पुरे, आणि सोबत ‘फोनवरून, अंदाजे १० मीटर’ किंवा ‘उपग्रह-चित्रावरून’ किंवा ‘जुन्या अहवालातल्या वर्णनावरून, एक किलोमीटरच्या आत’ असं लिहायचंच. कशावरून हा प्रश्न जागेलाही लागू आहे.

जुन्या नकाशावरून आकडे घेत असाल तर त्या नकाशाचा डेटम, म्हणजे त्यात पृथ्वीचा आकार कसा मानला आहे, ते तपासा. पृथ्वीचा आकार मानण्याच्या पद्धती बदलत गेल्या. आजचा जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वापरतो. जुन्या पद्धतीतले आकडे तसेच नव्यात ओतले तर बिंदू शंभर-दीडशे मीटर, कधी त्याहूनही जास्त सरकतो. क्यूजीआयएससारख्या मोफत नकाशा-प्रणालीत हे रूपांतर होतं, फक्त मूळ पद्धत कोणती ते तुम्हाला सांगावं लागतं. मूळ आकडेही जपून ठेवा. रूपांतर चुकलं होतं असं नंतर कळलं, तर परत जायला वाट हवी.

आता बिंदू की क्षेत्र? विहिरीला बिंदू चालतो. टेकाडाला, तटबंदीला, वसाहतीला हद्द काढा, आणि हद्द ठरवली कशावरून तेही लिहा : खापरं दिसतात तिथपर्यंत, की कुंपणापर्यंत, की कायद्याने जाहीर केलेली रेषा? या तीन रेषा क्वचितच एक असतात. संगणकाने आपोआप काढलेल्या मध्यबिंदूवर भरवसा ठेवू नका. अजिंठ्याची लेणी घोड्याच्या नालेसारख्या वळणावर कोरलेली आहेत; त्यांचा मध्य काढला तर तो कुठल्याच लेण्यात न पडता वाघूर नदीच्या दरीत पडतो.

आणि स्मारकं जागा सोडून जातातही. इजिप्तमधल्या अबू सिंबेलची मंदिरं १९६४ ते १९६८ या काळात कापून, सुमारे ६५ मीटर उंचावर आणि २०० मीटर मागे नेऊन पुन्हा उभारली गेली. अशा नोंदीला दोन जागा हव्यात, दोन्हींना तारखांसह. शेतात सापडून देवळासमोर आणून ठेवलेली मूर्ती किंवा वीरगळ ही त्याचीच लहान आवृत्ती : ‘मूळ जागा’ आणि ‘सध्याची जागा’ कधीही एका रकान्यात कोंबू नका.

हे आहे काय?

प्रकाराच्या रकान्यात मनाचा शब्द लिहू नका. ठरलेल्या शब्दसूचीतून निवडा. एकाने ‘टाके’, दुसऱ्याने ‘हौद’, तिसऱ्याने ‘पाण्याची टाकी’ लिहिलं तर साठवणीच्या सगळ्या जागा एका शोधात कधीच मिळणार नाहीत. गेटी संस्थेचा कला आणि स्थापत्याचा शब्दकोश ऑनलाइन मोफत आहे आणि त्यात शब्द पायऱ्यापायऱ्यांनी लावलेले आहेत : वर व्यापक, खाली नेमका. तुमच्या डेटाबेसची स्वतःची सूची असेल तर तीच वापरा. स्थानिक शब्दही फेकू नका. तो वर्णनात आणि पर्यायी संज्ञेत जाऊ द्या. बाहेरच्या सूचीत ‘बारव’ला नेमका शब्द नसेल म्हणून तिला नुसती ‘विहीर’ करून टाकणं ही माहितीची चोरी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. अशा वेळी जवळचा व्यापक शब्द निवडा, सूची सांभाळणाऱ्यांना नवा शब्द सुचवा आणि उत्तर येईपर्यंत वर्णनात मूळ शब्द ठेवा.

आधी आकार, मग अर्थ. गवताने झाकलेला गोल उंचवटा दिसला तर ‘उंचवटा’ ही निरीक्षणाची बाजू झाली. ‘स्तूप’ हा निष्कर्ष झाला. दोन्ही लिहा, पण दुसऱ्यासोबत खात्रीची पातळी द्या. मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिकेतल्या धोक्यातल्या स्थळांची नोंद करणाऱ्या ईमिना प्रकल्पाच्या नोंदपत्रकात अर्थनिर्णयाला खात्रीची पातळी जोडायची सोय आहे. उपग्रह-चित्रावरून काम करताना तिच्याशिवाय चालतच नाही, कारण वरून दिसणारा गोल हा थडगंही असू शकतो आणि मेंढरांचा वाडाही. कशाचाही उपयोग कळला नाही की ‘धार्मिक विधीसाठी’ लिहून मोकळं होणं हा पुरातत्त्वातला जुना विनोद आहे. तुमच्या नोंदीने त्यात भर घालू नये.

एकाच इमारतीचा प्रकार काळासोबत बदलतो. इस्तंबूलची हागिया सोफिया ५३७ मध्ये चर्च म्हणून पूर्ण झाली, १४५३ नंतर मशीद, १९३५ पासून संग्रहालय, २०२० मध्ये पुन्हा मशीद. ‘प्रकार’ या एका रकान्यात काय लिहाल? उत्तर असं की एक इमारत, चार टप्पे, आणि प्रत्येक टप्प्याला स्वतःचा प्रकार, सुरुवात व शेवट. जिथे समाजात वाद आहे तिथे तर ही टप्प्यांची शिस्त तुम्हाला वाचवते. नोंद कोणाची बाजू घेत नाही. काय होतं, कधी होतं आणि कशावरून, एवढंच सांगते.

काळ

‘प्राचीन’ हा काळ नाही. प्रत्येक टप्प्याला दोन आकडे द्या : याच्या आधीचा नाही आणि याच्या नंतरचा नाही. ‘अकरावं शतक’ म्हणजे १००१ ते ११००. काळाचं नाव वापरायचं असेल तर त्याची वर्षंही सोबत लिहा, कारण ‘मध्ययुग’ किंवा ‘लोहयुग’ एका प्रदेशात संपतं तेव्हा दुसऱ्यात सुरूही झालेलं नसतं. इंग्लंडमधल्या स्टोनहेंजच्या दगडी वर्तुळासारख्या जागेला एक काळ देणं तर अशक्यच : भोवतालचा खंदक इसवी सनापूर्वी ३००० च्या सुमाराचा, मोठे दगड उभे राहिले ते त्यानंतर जवळपास पाचशे वर्षांनी.

काळाचा आधार लिहिताना नेमकं बोला : कोरीव तारीख, खापरांचा प्रकार, बांधकामाची शैली, कार्बन-कालमापन, की लोकांनी सांगितलं म्हणून. हे सगळे आधार सारख्या वजनाचे नाहीत, पण आधार नोंदलेला असेल तर वजन वाचणारा करेल.

शिलालेखातली तारीख असेल तर मूळ शब्द जसेच्या तसे उतरवा आणि रूपांतर वेगळं लिहा. शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की साधारण इसवी सन मिळतो, वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत ७९. विक्रम संवतातून ५७ किंवा ५६ वजा करायचे. हिजरी सनाला अशी एका आकड्याची बेरीज चालत नाही, कारण चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचं आणि दर वर्षी ते दहा-अकरा दिवसांनी सरकतं. शिवाय वर्ष चालू की गत (पूर्ण झालेलं), हा घोळ आहेच. मूळ मजकूर नोंदीत असेल तर जाणकार माणूस तुमची चूक दुरुस्त करू शकतो.

कार्बनच्या तारखांत ‘आजपूर्वी’ असं लिहिलेलं दिसेल. त्यातलं ‘आज’ म्हणजे १९५०. आणि तो आकडा जुळवणी-आलेखाने दुरुस्त करून खऱ्या वर्षांत आणलेला आहे की कच्चा, हे लिहिल्याशिवाय त्याला किंमत नाही. प्रयोगशाळेने दिलेला नमुना-क्रमांक आणि अधिक-उणे त्रुटीही उतरवा. आणखी एक खड्डा : इतिहासकारांच्या गणनेत शून्य वर्ष नाही, इसवी सनापूर्वी १ नंतर थेट इसवी सन १. संगणकाच्या तारखांचं आयएसओ ८६०१ हे मानक मात्र शून्य वर्ष मोजतं, त्यामुळे तिथे इसवी सनापूर्वी २६४ हे उणे २६३ होतं. तुमचा डेटाबेस यातलं काय मानतो ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

एक्सेलमध्ये यादी करत असाल तर सगळे रकाने आधी ‘मजकूर’ प्रकारचे करा. नाहीतर ‘००१२७’ चं १२७ होतं, ‘१-२’ ची जानेवारी-फेब्रुवारीतली कुठली तरी तारीख होते, आणि १९०० च्या आधीची तारीख त्याला तारीख वाटतच नाही.

वर्णन

इथे नवखे दोन टोकांना जातात : एकतर ‘सुंदर कोरीवकाम असलेलं पुरातन मंदिर’, नाहीतर पर्यटन-पुस्तिकेची दोन पानं. हवं ते असं काहीतरी : ‘पूर्वाभिमुख मंदिर, गर्भगृह आणि खुला मंडप. मंडपाचे बारापैकी नऊ खांब उभे, तीन उत्तरेला पडलेले. शिखर नाही, माथ्यावर विटांचा ढीग. जोत्याच्या दक्षिण बाजूला चुन्याची अलीकडची दुरुस्ती.’ विशेषणं एकही नाही, पण पाच वर्षांनी तिथे जाणारा मोजू शकेल की आता नऊ उभे आहेत की सात. आकडे, दिशा, साहित्य, मोजमाप. दंतकथा सांगितली गेली असेल तर तीही नोंदवा, ‘असं सांगितलं जातं’ म्हणून, वेगळ्या परिच्छेदात.

स्थिती आणि धोका

स्थितीच्या रकान्याला तारीख नसेल तर तो फुकट. ‘चांगली’ हे कधीचं? आधीच्या भेटीची स्थिती खोडून नवी लिहू नका. खाली नवी ओळ घाला, म्हणजे ढासळण्याचा वेग दिसतो. झालेलं नुकसान आणि संभाव्य धोका हे दोन वेगळे : भिंतीत पिंपळ उगवलाय हे घडलेलं आहे, बाजूला खाण सुरू होणार हे घडू शकणारं आहे.

स्मारक नष्ट झालं तरी नोंद काढायची नाही. सिरियातल्या पाल्मिराचं बेल या देवाचं मंदिर २०१५ मध्ये उडवून दिलं गेलं, अफगाणिस्तानातल्या बामियानच्या बुद्धमूर्ती २००१ मध्ये. त्यांच्या नोंदींना आज उलट जास्त महत्त्व आहे; त्या मूळ कशा होत्या याचा मुख्य पुरावा म्हणजे आधीची मोजमापं आणि फोटो.

फोटो

लांबून एक, चारही बाजूंनी एकेक, आणि मग तपशील. मोजपट्टी आणि दिशा दाखवणारा बाण फ्रेममध्ये असू द्या. फायलीचं नाव कॅमेऱ्याने दिलेलं तसंच ठेवलंत तर सहा महिन्यांनी तुम्हालाही ओळख पटणार नाही : नोंदक्रमांक, तारीख, दिशा एवढं नावात येऊ द्या. मूळ फाइल हात न लावता वेगळी ठेवा. मेसेजमधून पाठवलेला फोटो ‘मूळ’ नसतो. पाठवताना तो दाबला जातो आणि आतली जागा-वेळेची माहिती बहुधा गळून पडते.

काय उघडं ठेवायचं

सगळं सगळ्यांना दाखवणं ही सद्भावना आहे, पण खजिन्यासाठी खणणारेही नकाशा वाचतात. सुटी शिल्पं, न उकरलेली थडगी, पाण्याखालची जहाजं यांची नेमकी जागा आत ठेवून बाहेर फक्त एक-दोन किलोमीटरचा चौकोन दाखवायची सोय बहुतेक चांगल्या डेटाबेसांत असते. फोटोच्या पोटात जीपीएसचे आकडे असतात हे विसरू नका. चौकोन दाखवून खाली तोच फोटो जसाच्या तसा चढवला तर झाकलं काय? जागा कोणासाठी तरी पवित्र असेल, तिथे कोणाचे पूर्वज पुरलेले असतील, तर काय प्रकाशित करायचं हे त्या लोकांना विचारून ठरवा. जमिनीच्या मालकाचं नाव आणि फोन सार्वजनिक रकान्यात कधीच नको.

संगणक-प्रणाली थोडक्यात

प्रणाली कोणती, यावर नवखे फार वेळ घालवतात. गेटी संवर्धन संस्था आणि वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड यांनी मिळून तयार केलेली आर्चेस ही मुक्त प्रणाली खास याच कामासाठी आहे. तिच्या माहितीची रचना सिडॉक सीआरएम या वारसा-माहितीच्या प्रतिमानाला धरून करता येते, आणि ते आयएसओ २११२७ म्हणून मान्य आहे. पण ती बसवायला आणि सांभाळायला जाणकार माणूस लागतो. दोनशे नोंदी असतील तर नीट आखलेली तक्ता-फाइल आणि क्यूजीआयएस पुरतं. अट एवढीच की एका रकान्यात एकच गोष्ट, प्रत्येक शब्द सूचीतला, आणि जतन करताना यूटीएफ-८ (अक्षरं साठवण्याची सांकेतिक पद्धत) मधली सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुरातली तक्त्याची प्रत वेगळी काढायची. देवनागरी न सामावणारी सांकेतिक पद्धत निवडलीत तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग मिळते, आणि ती परत अक्षरांत येत नाही. प्रत दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.

भरून झाल्यावर

माझ्या पहिल्या शंभरेक नोंदींपैकी बऱ्याच नंतर मलाच दुरुस्त कराव्या लागल्या. आकडे बरोबर होते. पण ‘रस्त्याच्या डावीकडे’ असं लिहिताना मी कुठल्या बाजूने येत होतो तेच लिहिलं नव्हतं. तेव्हापासून एक साधी चाचणी करतो. नोंद ज्याने स्थळ पाहिलेलं नाही अशा सहकाऱ्याच्या हातात द्यायची. त्याने ती वाचून कागदावर ढोबळ आराखडा काढायचा, आणि प्रत्येक विधानापुढे ‘पाहिलं’, ‘वाचलं’ किंवा ‘ऐकलं’ यातला एक शब्द लिहायचा. जिथे त्याची पेन्सिल अडते तिथे तुमचा रकाना अपुरा आहे. तुमचं नाव आणि आजची तारीख टाका, मग नोंद जतन करा. शक्य असेल तर त्याच सहकाऱ्याला त्या नोंदीच्या आधारावर जागेवर पाठवा. तो वाट चुकला तर त्याला फोनवरून वाट सांगत बसू नका, नोंदीतली वाट पुन्हा लिहा.